बंद उंबऱ्यावरचा बोकड

प्रिय तुर्सुन,

पाकीट बघून तू आधी म्हणशील, आमच्या एजेचं डोकं फिरलं. हातात फोन असताना ही थोरली बहीण कागद कशाला काळे करत बसली? कारण साधं आहे. फोनवर तुझ्या जेजदेंचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नाव निघालं की तुझ्याकडचं नेटवर्क जातं. आमच्या डोंगराच्या कुशीत जात नाही ते मॉस्कोच्या भर चौकात कसं जातं, हे मी फोन दुरुस्त करणाऱ्याला विचारलंही होतं. तो म्हणाला, "असं होत नसतं, एजे." मला ठाऊकच होतं. पत्राला लाल बटण नसतं. फार तर फाडशील. पण काय फाडतोय हे वाचल्याशिवाय फाडणाऱ्यातला तू नाहीस. खालच्या गल्लीतला मारात मॉस्कोला निघालाय, त्याच्या पिशवीत सुकवलेल्या जर्दाळूंच्या तळाशी हे घालून देते. जर्दाळू संपल्याशिवाय पत्र सापडायचं नाही, आणि जर्दाळू तू एका बैठकीत संपवतोस.

आधी कामाचं. तू घराला गिऱ्हाईक बघायला सांगितलं होतंस, ते मिळालंय. बिश्केकचा माणूस आहे. बूट इतके स्वच्छ की आपल्या गल्लीत तो चालत नव्हता, एका कोरड्या जागेवरून दुसऱ्या कोरड्या जागेवर उड्या मारत होता. त्याला तिथे परदेशी पाहुण्यांची सोय करायची आहे. अंगणात तंबू, भिंत पाडून तळ्याकडे तोंड केलेल्या खुर्च्या, आणि दारावर पाटी: खऱ्या किरगिझ घराचा अनुभव. मी विचारलं, "आणि खरी किरगिझ माणसं कुठून आणणार?" तर म्हणतो, "तुम्ही याल ना सकाळी नान भाजायला, एजे? पगार देऊ." म्हणजे ज्या घरात माझी नाळ पुरली तिथे मी पगारी माहेरपण करायचं. मी त्याला चहा पाजला, मलई जास्त घातली, आणि किल्ली सापडत नाही म्हणून सांगितलं. किल्ली माझ्या गळ्यात होती. तो परत येतो म्हणाला, आणि आलाही. ते पुढे सांगते.

बाकी सगळं ठीक. हिवाळा तसा सौम्य गेला, तळ्यावरचा वारा मात्र सुटला की हाडं मोजून घेतो. दुकान बरं चाललंय. शरदात मी आइसक्रीमचा मोठा फ्रीझर घेतला तेव्हा गाव हसलं. थंडी तोंडावर आली असताना आइसक्रीम कोण खाणार, असं जो तो विचारून गेला, आणि विचारायला आलेला प्रत्येक जण काहीतरी घेऊन गेला, म्हणजे फ्रीझरने आपली किंमत तेव्हाच वसूल केली. माझ्या भावजयीला, नुरिलाला सांग, तिने पाठवलेली शाल मिळाली. रंग माझ्या वयाचा नाही, म्हणून रोज घालते.

तुझे जेजदे बरे आहेत. हे वाक्य वाचून कागद चुरगळू नकोस, आधी पुढचं वाच.

गाव ज्याला रस्ता विचारतं त्याला घरात स्वतःचे मोजे सापडत नाहीत, हे मी लग्नापासून बघतेय. आमच्या फाटकाबाहेरच्या बाकावर सकाळी माणसं येऊन बसतात. कुणाची कोंबडी कुणाच्या वाफ्यात शिरली, कुणाच्या सुनेने सासूच्या तोंडावर दार लावलं, कुणाचं पाणी कुणी रात्रीत वळवलं. हे डोळे मिटून ऐकतात. लोक म्हणतात, शार्शेन आके किती खोल विचार करतात! निम्म्या वेळा हा माणूस झोपलेला असतो, मला श्वासावरून कळतं. पण जागा होऊन जे बोलतो ते बरोबर निघतं, त्यामुळे माझंही तोंड बंद होतं, आणि ते सोपं नाही. पांढऱ्या दाढ्यांच्या न्यायसभेचा हा प्रमुख, आणि दाढी म्हणावी तर हनुवटीवर चार केस, त्यांतले दोन मी चहा देताना उपटीन म्हणून धमकावत असते.

आताच्या पोरांना खरं वाटत नाही की हा गुडघे धरून उठणारा माणूस एका दिवसात सकाळी कुस्ती, दुपारी घोड्यांची शर्यत आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळलाय, तेही कुस्तीत फुटलेल्या भुवईवर पट्टी बांधून. तळ्यात पोहण्याच्या शर्यतीला मात्र उशीर झाला, म्हणून ते कपड्यांसकट उतरले होते. तुला आठवतं, आमचा संसार बक्षिसांवर उभा राहिला होता? चहाचे दोन सामोवार, एक इस्त्री, भिंतीवरचा गालिचा, आणि घड्याळं तर इतकी, की एकाचंही दुसऱ्याशी पटत नसे. सामुदायिक शेतीचा आपला कोलखोझ दर स्पर्धेला घड्याळच द्यायचा. तू शाळेतून थेट आमच्याकडे यायचास आणि विचारायचास, "एजे, यातलं खरं कुठलं?" आणि तुझे जेजदे खिडकीतून सूर्याकडे बघून वेळ सांगायचे.

आता ती मॅच. तुला वाटेल, ही म्हातारी पुन्हा तेच उगाळतेय. उगाळते, कारण आता ते चंदन कामाला आलंय.

माझ्या लग्नाचं पहिलंच वर्ष, तू दहाएक वर्षांचा. व्हॉलीबॉलची जिल्ह्याची अंतिम लढत, समोर चोलोक गावचा संघ, ज्यांना आपण कधीच हरवलं नव्हतं. आपल्या संघातला ईशेनबाय चेंडू उचलून द्यायचा, हे मारायचे. शेवटच्या गुणाला चोलोकवाल्याने जोरात मारलेला चेंडू यांच्या हातांवरून बाहेर गेला. पंचाने शिट्टी फुंकली: चेंडू बाहेर, गुण आपला, सामना आपला. गाव मैदानात घुसलं. ईशेनबायने टोपी हवेत फेकली, ती खाली यायच्या आत तुझ्या जेजदेंनी हात वर केला. "माझ्या बोटाला लागलाय." पंच म्हणाला, "मी नाही पाहिलं." हे म्हणाले, "मी पाहिलं ना." गुण गेला, पुढचेही गेले, आपण हरलो. परतीच्या ट्रकमध्ये ईशेनबाय एवढंच म्हणाला, "बोट तुझं होतं रे, पण सामना आमचा होता." वर्षभर आमच्या घरून मीठसुद्धा कुणी उसनं नेलं नाही. गावात दोनच माणसं यांच्या बाजूची होती. एक मी, कारण मला दुसरा नवरा नव्हता. दुसरा तू. शाळेत मारामाऱ्या करून फाटक्या सदऱ्याने घरी यायचास आणि आईला सांगायचास, माझे जेजदे खोटं बोलत नाहीत.

मग कोलखोझ मोडला. मेंढ्या, ट्रॅक्टर, कुंपणाची तार, सगळं वाटायचं आलं आणि भाऊ भावाच्या उरावर बसले. पाण्याच्या पाळ्या ठरवायला माणूस हवा होता. सभेत प्रत्येक जण स्वतःच्या चुलतभावाचं नाव घेत होता. तेव्हा ईशेनबायच उठला, तोच, आणि चिडून म्हणाला, "त्या शार्शेनला द्या. तो सख्ख्या आईलाही एक थेंब जास्त देणार नाही, गाढव कुठला!" शिवी म्हणून बोलला, गावाने शिफारस म्हणून ऐकलं. तेव्हापासून आजतागायत ते गाढवपण आमच्या दारातल्या बाकावर बसलंय.

तुर्सुन, तुझ्याविरुद्ध निकाल गेला त्याबद्दल मी तुला कधी काही लिहिलं नाही. तू मॉस्कोत घाम गाळून आणलेल्या कमाईची जर्दाळूची रोपं लावलीस, भिंतीबाहेर, कालव्यापर्यंत, आणि कुंपण घातलंस. गुरं डोंगरावर जायची ती वाट. गुरं कमी झाली होती, वाट रुंद होती, थोडी घेतली तर कुणाचं काय जातं असं तुला वाटलं. मलाही वाटलं होतं. वसंतात कळप अडला, गाय कालव्यात पडली, तक्रार झाली. कुंपण काढायला लागणार हे तुलाही आतून माहीत होतं. तुला झोंबला तो निकाल नव्हता. झोंबली ती आदल्या संध्याकाळची मांती. भोपळा भरलेली, तुझ्या आवडीची, मी वाफेवरून उतरवत होते आणि तू हसत विचारत होतास, "उद्या काय म्हणणार, जेजदे? मला फाशी देणार का?" आणि तुझे जेजदे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. बोलले ते एवढंच, "खा, गार होतंय." आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर, "मेहुणा आहे म्हणून वाट रुंदही होत नाही आणि अरुंदही." लोक हसले. न्याय झाला की लोक हसतात, त्यांना बरं वाटतं. तू मात्र हसणाऱ्यांचे चेहरे बघत होतास, आणि मी तुझा.

तू कुंपण काढलंस, रोपं उपटून रस्त्याकडेला ढीग केलास, तुझा तांबडा घोडा आमच्या दारात बांधलास, किल्ली माझ्या हातावर ठेवलीस आणि नुरिलाला आणि पोरीला घेऊन गेलास. आई तुझ्याआधी तीन मुलं गमावून बसली होती, म्हणून तुझं नाव तुर्सुन ठेवलं, 'राहो' म्हणून. नावं ठेवून माणसं राहिली असती तर गावं रिकामी झाली नसती. त्यानंतर महिनाभर मी नवऱ्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही याची मला शंका आहे, कारण तेही बोलत नव्हते.

आता यंदाच्या नवरोजकडे येते.

घोड्यांवरून बोकड ओढायचा उलाकचा खेळ तू पाहिला नाहीस त्याला चार वर्षं होतील. रीत तीच आहे. संघांचे सामने झाले की शेवटचा बोकड सगळ्यांसाठी सोडतात. घोडा आहे त्याने उतरावं, ज्याच्या हाती मेलेला बोकड राहील त्याने तो मनाला येईल त्या दारात नेऊन टाकावा. ज्याच्या उंबऱ्यावर बोकड पडला त्याचा तो मान. त्याला नाही म्हणता येत नाही. त्याने त्याच मांसावर गाव जेवू घालायचं आणि पुढच्या नवरोजला खेळाचा बोकड स्वतःच्या हाताने मैदानात आणून द्यायचा. आता मानाची माणसं म्हटली की पोरांना एकच दार आठवतं. दर वर्षी धापकन आवाज येतो आणि आमच्या उंबऱ्यावर चिखलाने माखलेला मान येऊन पडतो. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, असं म्हणतात. इथे घोड्यावरून बोकड धाडतात. यंदा मी यांना सकाळीच बजावलं, "या वर्षी तो मान माझ्या दारात आला तर मी तो मानासकट कालव्यात टाकीन." हे म्हणाले, "बरं." मला तेव्हाच संशय यायला हवा होता. हा माणूस लगेच बरं म्हणत नाही.

दुपारी मी मैदानाच्या कडेला तळलेल्या पिठाचे बोरसोक विकत उभी होते. शेवटचा बोकड सोडला आणि बघते तर वडीलधाऱ्यांच्या मंचावरची मधली खुर्ची रिकामी. ईशेनबायची बायको माझा दंड धरून ओरडली, "बुरुल, तुझा म्हातारा बघ!" तुझ्या तांबड्यावर बसून शार्शेन आके मैदानात उतरत होते. डोक्यावर तीच पांढरी टोपी, गुडघ्याला माझ्या जुन्या शालीची पट्टी. पोरांनी लगाम आखडले. निम्मे आदराने, निम्मे आपापल्या आया बघताहेत म्हणून. तर हे ओरडले, "आदर घरी ठेवून या रे! ओढा!"

जोराने जिंकायचं वय राहिलेलं नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ते गर्दीत शिरलेच नाहीत. कालव्याच्या बाजूला, जिथे जमीन उतरती आहे, तिथे जाऊन उभे राहिले. घोड्यांचा घोळका नेहमी उताराला सांडतो. सांडला. दोन पोरं एकेका पायाला धरून बोकड ओढत होती, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, जशी तरुण पोरं बघतात, बोकड सोडून सगळीकडे. हे मधून गेले, घोड्याच्या मानेवर आडवे झाले आणि बोकड मांडीखाली घेऊन बाहेर पडले. मी बोरसोकचं टोपलं कुणाच्या तरी हातात दिलं, ते अजून परत आलेलं नाही.

मग पळापळ. मागे अख्खा घोळका, त्यामागे मोटारी, त्यामागे कुत्री, त्यामागे मी. पूल ओलांडला की उजवीकडे आमचं घर. मी मनात म्हटलं, संपलं, आता मोठी कढई काढा. घोडा डावीकडे वळला. वरच्या गल्लीत. आपल्या गल्लीत, तुर्सुन. तुझ्या फाटकासमोर चार वर्षांचा पाचोळा आणि त्यावर उरलेला बर्फ. फाटक रेटून आत, आणि कुलूप लावलेल्या दाराच्या उंबऱ्यावर धापकन बोकड.

मागून आलेला घोळका फाटकातच थांबला. बंद घरावर बोकड आपल्या गावात कधी पडला नव्हता. मालकच नाही तर मान घेणार कोण, शिजवणार कोण, पुढचा बोकड देणार कोण? मग हळूहळू सगळ्यांच्या जिभा सुटल्या. एक म्हणाला, आकेंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, मी कधीपासून म्हणतोय. दुसरा म्हणाला, डोळे कसले, घोडा बघा की, तुर्सुनचा घोडा, तो आपल्या जुन्या गोठ्याकडे गेला. आके बिचारे वर बसले होते एवढंच. ही गोष्ट सगळ्यांना पटली. चूक घोड्याच्या खात्यावर टाकली की माणसांना मोकळं वाटतं. यांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उतरले, गुडघा दाबला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तुझ्या दारात टाकू नको म्हणालीस ना?"

मी गळ्यातली किल्ली काढली. फिरली नाही, कुलूप आतून गंजलं होतं. शेवटी लोहाराने ते कापलं. बायका आत शिरल्या, धूळ झटकली, आईची चूल पेटली. धुराडं आधी खोकलं, मग धूर वर गेला, आणि खालच्या गल्लीतून म्हातारी माणसं बाहेर येऊन वर बघत उभी राहिली. मी मोठं भांडं धुवायला मागच्या अंगणात गेले, आणि भांडं तिथेच ठेवलं. तुझी रोपं तिथे आहेत. तू रस्त्याकडेला फेकलेली, तीच. भिंतीच्या आत, ओळीने लावलेली, माझ्या खांद्यापर्यंत आलेली. थोडी मेली असतील, बरीच जगली आहेत. शेळ्यांनी साली खाऊ नयेत म्हणून बुंध्यांना जाळी गुंडाळली होती. जवळ जाऊन पाहिलं, तर आपली जुनी व्हॉलीबॉलची जाळी, जी हरवली म्हणून शाळेने दोनदा चौकशी केली होती. किल्ली तर माझ्या गळ्यात होती, आणि मागच्या अंगणात जायची वाट घरातूनच, फाटकाकडून भिंत आडवी. म्हणजे चार वर्षं हा माणूस "कालवा बघून येतो" म्हणून जायचा आणि भिंतीवरून उड्या मारायचा. मी त्या गुडघ्याला शेक देत होते, आणि गुडघा दुखतो कशाने हे मला कधी सांगितलं नव्हतं.

गाव जेवलं. मांस मऊ झालं होतं, एवढ्या घोड्यांखालून गेल्यावर होणारच. पण घरधन्याचा वाटा उचलायला कुणी नव्हतं. रीतीप्रमाणे तो दुसऱ्या कुणी खायचा नसतो. मी तो बांधून दुकानात नेला आणि आइसक्रीमच्या फ्रीझरमध्ये ठेवला. अजून तिथेच आहे. पोरं आइसक्रीम घ्यायला येतात, खाली वाकून बघतात आणि विचारतात, हे कुठल्या चवीचं?

दुसऱ्या दिवशी ईशेनबायने न्यायसभेत तक्रार केली. तुझ्या जेजदेंवर. बंद घरावर बोकड टाकून रीत मोडली, गावाला पुढच्या वर्षीचा बोकड राहिला नाही, आणि प्रमुखाने असं केलं तर बाकीच्यांनी काय करायचं? तक्रार खोटी म्हणता येत नव्हती. तुझे जेजदे मधल्या खुर्चीवरून उठले, टोपी काढली आणि समोर जाऊन उभे राहिले. नेमके तिथे, जिथे तू उभा होतास. त्यांच्या जागी अब्दिल्दा आबा बसले, ज्यांना एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने ऐकायचं नसतं. सभेची खोली भरली होती. दुकान बंद ठेवून मीही गेले. असा माल रोज येत नाही.

अब्दिल्दा आबांनी विचारलं, "शार्शेन, घोड्याने नेलं की तू नेलंस?" सगळ्यांनी घोड्याकडे बोट दाखवायची वाट मोकळी करून दिली होती. यांनी हात वर केला. तसाच, तुर्सुन, कोपरातून वाकवून, थोडासा, जसा त्या दिवशी जाळीपाशी केला होता. "मी नेलं," म्हणाले. "कुंपणाचा निकाल पुन्हा द्यायला सांगाल तर पुन्हा तोच देईन. वाट गावाची आहे. पण आदल्या संध्याकाळी तो माझ्या घरी जेवला. निकाल सांगायचा नव्हता, पण एवढं तरी म्हणता आलं असतं, की उद्या जड जाईल, मी तुझ्या शेजारी उभा राहतो, निकाल दुसऱ्या कुणाला वाचू दे. तेवढंही म्हणालो नाही. नियमामागे लपलो. वर सगळ्यांना हसवलं. चेंडू माझ्या बोटाला लागला होता. पंचाने पाहिलं नाही. चार वर्षं मी हात वर केला नव्हता."

ईशेनबाय पुटपुटला, "तुझा हा हात तेव्हाच बांधून ठेवायला हवा होता," आणि टोपीने नाक पुसलं. त्या टोपीला काय काय बघावं लागलंय!

तर आता या पत्राचं. हे पत्र नाहीच, तुर्सुन, समन्स आहे. अब्दिल्दा आबांनी निकाल दिला: बोकड मानाचा होता की अपमानाचा, हे उंबऱ्याच्या धन्यानेच सांगायचं, आणि उंबऱ्यावर उभं राहून सांगायचं, टेलिफोनवर नाही. तू अपमान म्हणालास तर शार्शेनने खुर्ची कायमची सोडायची. मान म्हणालास तर पुढच्या नवरोजचा बोकड तुझ्याकडून. तोवर खुर्ची रिकामी. पाण्याच्या पाळ्या ठरवायचे दिवस आलेत आणि सध्या त्या ईशेनबाय ठरवतोय, म्हणजे गावाची अवस्था तू ओळख. यांना स्वतःच्या प्रकरणात बोलावणं पाठवता येत नाही, म्हणून आबांनी ते काम मला दिलं. दोन ओळी लिही म्हणाले होते. तू काय सांगायचंस ते मी सांगणार नाही. एकदा त्यांनी तुझा न्याय केला, आता तू त्यांचा कर, आणि आदल्या संध्याकाळी जेवायला मात्र आमच्याकडेच ये, मांती करते. या खेपेला आधी कोण बोलतं ते बघू. जर्दाळूंना कळ्या धरल्यात, पहिल्याच. बिश्केकचा माणूस परवा पुन्हा आला होता. त्याला सांगितलं, घराचा खटला सभेपुढे आहे, निकालापर्यंत विकता येत नाही. तुझं दार कुलूप कापल्यापासून नुसतं लोटलेलं आहे. दाराला लावायला म्हणून दुकानात एक कुलूप होतं, तेही मी त्या बिश्केकवाल्यालाच विकून टाकलं.

वाटेकडे नाही, धुराड्याकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
बुरुल एजे